उंसाचा दर कोठें ठरतो?

शिरोळ तालुक्यांतील कोणत्याहि ऊंसवाल्यास विचारावें कीं, बाबा, तुझ्या उंसाचा दर ठरवितो कोण? तो पहिल्यानें कारखान्याच्या चेअरमनचें नांव घेईल. जरा अधिक जाणता असला तर म्हणेल, दिल्लीचें सरकार ठरवितें. जयसिंगपुरास दरवर्षीं भरणाऱ्या ऊंस परिषदेस जाऊन आलेला असला तर छाती फुगवून सांगेल कीं, आम्हीं गाड्या अडविल्या म्हणून दर वाढला. तिन्ही उत्तरें खरीं आहेत आणि तिन्ही अपुरीं आहेत. कारण त्याच दराचा एक खटला समुद्रापलीकडे जिनिव्हा शहरांत चालला; त्यांत ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला हे वादी आणि आमचें सरकार प्रतिवादी होतें; निकाल आमच्या विरुद्ध लागला; आणि हेरवाड, तेरवाड, आलास, बुबनाळच्या ज्या मळ्यांतील उंसाबद्दल हें भांडण, तेथें पाणी पाजणाऱ्या माणसास त्याची वार्ताहि नव्हती. कुरुंदवाडच्या बाजारांत वांग्याच्या पाटीवरून दोघांची बाचाबाची झाली तर ती बातमी संध्याकाळपर्यंत नरसोबाच्या वाडीस पोंचते. पण आमच्या वर्षाच्या कमाईवर परमुलखांत वाद चालतो तो आमच्या कानीं येत नाहीं. म्हणून ह्या विषयावर आज चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम ती जिनिव्हाची कचेरी काय आहे तें सांगितलें पाहिजे. तिचें नांव जागतिक व्यापार संघटना. १ जानेवारी १९९५ रोजीं ती सुरू झाली आणि आमचा देश पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. एका देशाचा माल दुसऱ्या देशांत जातांना जकात किती घ्यावी, कोणत्या सरकारनें आपल्या शेतकऱ्यास किती हात द्यावा, ह्याचे नियम ह्या कचेरींत लिहिलेले आहेत. शहरचे विद्वान् ज्यास जागतिकीकरण म्हणतात त्याची ही चावडी समजावी. त्या नियमांत एक कलम असें आहे कीं, आमच्यासारख्या देशाच्या सरकारनें एखाद्या पिकास दिलेला आधार त्या पिकाच्या एकंदर किमतीच्या शेंकडा दहापलीकडे जातां कामा नये. २०१९ सालीं वर सांगितलेल्या तीन देशांनीं फिर्याद केली कीं, भारत सरकार उंसाचा जो किमान दर, म्हणजे आपण ज्यास एफआरपी म्हणतों तो, ठरवून देतें, तो ह्या मर्यादेच्या फार वर आहे. आमच्या सरकारनें उत्तर दिलें कीं, ऊंसवाल्यास पैसे कारखाने देतात, सरकार देत नाहीं. पंचांनीं तें मानिलें नाहीं. १४ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांचा निकाल बाहेर पडला. २०१४-१५ पासून २०१८-१९ पर्यंतच्या पांचहि हंगामांत आमच्या सरकारनें मर्यादा मोडली आहे, आणि साखर बाहेर पाठविण्यासाठीं दिलेली मदतहि नियमाबाहेरची आहे, असें त्यांनीं ठरविलें.

आतां असला हिशेब करतात कसा, तें ऐका. आधार किती दिला हें काढतांना आजचा दर ज्या भावाशीं ताडून पाहावयाचा, तो भाव १९८६ ते १९८८ ह्या सालांतला धरावा, असें त्या करारांतच लिहिलें आहे. आमचा धंदा पोरांस हिशेब शिकविण्याचा. एखाद्या पोरानें आज विकलेल्या म्हशीच्या किमतींतून तीस वर्षांपूर्वींच्या म्हशीची किंमत वजा केली आणि बाकी राहिलेला सारा नफा म्हणून मांडला, तर आम्ही त्याची पाटी पुसून त्यास पुन्हां बसवूं. मधल्या काळांत पेंड, वैरण, मजुरी, डिझेल ह्यांचें काय झालें हें त्यास विचारूं. जिनिव्हांत ती पाटी पुसावयास कोणी सांगू शकलें नाहीं, कारण १९९४ सालीं त्या करारावर आमच्याच सरकारची सही झाली होती. त्या वेळीं ह्या कलमाचा अर्थ कुरुंदवाडच्या चावडीवर कोणी वाचून दाखविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

जानेवारी २०२२ मध्यें आमच्या सरकारनें अपील केलें. पण अपील ऐकणारें वरिष्ठ मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेलें. अमेरिकेनें तेथें नवे न्यायाधीश नेमूं दिले नाहींत. म्हणजे ज्या कोर्टांत न्यायाधीश नाहीं तेथें आमचा कागद जाऊन पडला, आणि अपील पडून असल्यामुळें निकालाची बजावणीहि थांबली. ह्यांत आमचा तूर्त फायदाच झाला हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण कोर्टास कुलूप आहे म्हणून मिळालेल्या सुटकेवर घर बांधतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, ब्राझीलचा आणि आमचा संबंध काय? संबंध आहे आणि तो रोजचा आहे. जगाच्या बाजारांत सर्वांत जास्त साखर ब्राझील विकतो. तेथील कारखानदार त्याच उंसापासून साखरहि करतो आणि मोटारींत घालावयाचें इथेनॉलहि करतो. ज्यांत चार पैसे जास्त तिकडे रस वळवितो. खनिज तेल महागलें कीं तो इथेनॉलकडे वळतो, साखर कमी होते, भाव चढतो. तेल उतरलें कीं साखर फाजील होते आणि भाव पडतो. अशा रीतीनें आखातांतील तेलाचा भाव कृष्णाकांठच्या बांधावर येऊन पोंचतो. भाव पडला म्हणजे आम्हांस सांगतात, काय करावें, जगाचा बाजारच पडला. आणि चढला म्हणजे? जून २०२२ पासून सरकारनें साखरेच्या निर्यातीवर बंधन घातलें, २०२३-२४ च्या हंगामांत तर दरवाजा जवळजवळ लावूनच घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्यें दहा लाख टनांपुरती फट उघडली. पडत्या बाजारांत आम्ही जगाचे आणि चढत्या बाजारांत घरचे! शहरांत साखर महागूं नये हा हेतु वाईट नाहीं, आणि शहरच्या गिरणीकामगाराचें किंवा हमालाचें आम्ही वाईट चिंतीत नाहीं. पण ती साखर स्वस्त ठेवण्याचा खर्च कोणाच्या खिशांतून जातो, एवढें तरी सरकारी दप्तरीं लिहिलें जावें.

२०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें शेंकडा १०.२५ उताऱ्यास टनास ३,५५० रुपये दर ठरविला. त्यांतून तोडणी-वाहतूक वजा होते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं ठराव काढून त्या रकमेचे तुकडे पाडले. राजू शेट्टी मुंबईच्या हायकोर्टांत गेले, आणि मार्च २०२५ मध्यें हायकोर्टानें तो ठराव रद्द करून पैसे एकरकमी द्यावयास लाविले. हें उदाहरण आम्हीं मुद्दाम दिलें आहे. मुंबईच्या कोर्टांत शेतकऱ्यास उभें राहतां आलें. जिनिव्हाच्या कचेरींत त्यास उभें राहतां येत नाहीं. तेथें फक्त सरकारें उभीं राहतात. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाची गांठ येथें आहे. माल परदेशीं जातो कीं देशांत राहतो, कंपनी गोऱ्याची आहे कीं काळ्याची, हे प्रश्न मागाहूनचे. जेथें दर ठरतो तेथें बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न.

कंपनी हा शब्द आमच्या लोकांस नवा नाहीं. आमचे पणजे इंग्रजी अमलास कंपनी सरकारच म्हणत. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत विलायतच्या यंत्रांवरील मालानें इकडील कारागिरांच्या पोटावर पाय कसा आला हें सांगितलें आहे. पण आजची कंपनी फौज आणीत नाहीं आणि निशाणहि लावीत नाहीं. ती भाग विकत घेते. तिच्या शाखा देशोदेशीं असतात, आणि मालक शोधूं गेलें तर दहा दारें ओलांडावीं लागतात. ह्याचें उदाहरण आमच्या उंबऱ्याशींच आहे.

१९९८ सालीं बेळगांवच्या विद्या मुरकुंबी व त्यांचे चिरंजीव नरेंद्र ह्यांनीं श्रीरेणुका शुगर्स ही कंपनी उभी केली. पहिला कारखाना सौंदत्ती तालुक्यांत मुनोळीस. पुढें ती इतकी वाढली कीं, २०१० सालीं तिनें थेट ब्राझीलमधील साखर कारखाने ताब्यांत घेतले. सीमाभागांतील माणसानें ब्राझीलच्या उंसाचा धनी व्हावें ही कौतुक करण्याजोगीच गोष्ट होती. पण साखरेचा भाव पडला, कर्जाचा बोजा वाढला, आणि २०१५ सालीं त्या ब्राझीलमधील कंपन्यांस तेथील कोर्टाचा आश्रय मागावा लागला. सिंगापूरच्या विल्मार कंपनीनें २०१४ सालींच रेणुकेंत भाग घेतला होता. २०१८ सालीं अर्ध्याहून अधिक भाग तिच्याकडे गेले.

आतां ह्या साखळीचें दुसरें टोंक पाहा. निमशिरगांवचे देशभक्त रत्नाप्पा कुंभार, जे घटना समितीचे सभासद होते, त्यांनीं शेतकऱ्यांचे भाग गोळा करून इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या काळीं भागाचे पैसे भरावयाचे म्हणजे कोणी दागिना मोडी, कोणी दुभतें जनावर विकी. तो कारखाना अडचणींत आला आणि रेणुकेनें तो भाड्यानें चालवावयास घेतला. म्हणजे आमच्या आज्यांच्या दागिन्यांवर उभ्या राहिलेल्या कारखान्याचा हिशेब सिंगापूरच्या वहींत जाऊन बसला. आणि त्याच विल्मारचा मोठा भाग फॉर्च्यून नांवाचें तेल विकणाऱ्या कंपनींत आहे. सकाळीं ज्या धन्यास ऊंस घालावा, त्याच धन्याचें तेल संध्याकाळीं दुकानांतून आणावें! परदेशी खाद्यतेल १९९४-९५ पासून मोकळें येऊं लागलें, आणि पुढें देशाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरूनच येऊं लागला. तेल्याच्या घाण्याचा बैल तर त्याच्याहि आधीं विकला गेला होता.

ह्यावर आमचे कांहीं शेतकरी बंधु म्हणतात, “मास्तर, धनी सिंगापूरचा असो कीं शिरोळचा, काटा खरा असावा आणि पैसे वेळेवर मिळावेत, म्हणजे झालें.” हें बोलणें हंसण्यावारीं नेण्यासारखें नाहीं. सहकाराच्या नांवाखालीं काय काय चालतें हें आम्ही सारे जाणतों. निवडणूक आली कीं जेवणावळी, नोकरभरती आली कीं भाचे-पुतणे, मळी कोणाच्या टँकरांत जाते आणि बारदान कोणाच्या दुकानांतून येतें हें विचारूं नये, आणि सभेंत कोणी विचारलेंच तर त्याच्या हातांतील माईक बंद पडतो. आमच्या स्वतःच्या दीड एकरांतील उंसाची एक खेप गांवच्या काट्यावर एक भरली आणि कारखान्याच्या काट्यावर दुसरीच भरली; कोणत्या कारखान्याच्या, तें येथें सांगत नाहीं, कारण तसलाच अनुभव सांगणारे शेजारी आम्हांस पुष्कळ भेटले. पूर्वीं सावकाराच्या आणि कुळकर्ण्याच्या नांवानें बोटें मोडलीं म्हणजे आमचें समाधान होत असे. आज खुर्चींत बसलेले आमचेच भाऊबंद आहेत, आमच्याच शाळांतून चार बुकें शिकून गेलेले आहेत. राज्यांतील कित्येक सहकारी कारखाने कर्जापायीं लिलावांत निघून खाजगी झाले, आणि घेणारे विकणाऱ्यांचेच सोयरे होते अशी तक्रार विधिमंडळापासून हायकोर्टापर्यंत गेली. ज्यानें हें पाहिलें त्यास सिंगापूरचा परका धनी बरा वाटला तर नवल नाहीं.

तरी त्या बंधूंनीं एक विचार करावा. आज खाजगी कारखानदार पैसे वेळेवर देतो तो कां देतो? आमच्या ह्या भागांत पांच-दहा कोसांच्या आंत इतके कारखाने आहेत कीं, एकानें दर पाडला तर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या गव्हाणीकडे वळवितां येतो. तोहि नसला तर कर्नाटकांतला आहे. शिरोळचा दत्त कारखाना सहकारी आहे, तो जो दर देतो तो पाहूनच खाजगीवाल्यास आपला दर काढावा लागतो. उद्यां हे कारखाने दोन-तीन धन्यांच्या हातीं गेले तर ट्रॅक्टर वळवावयाचा कोणीकडे? ऊंस हा कापूस किंवा हळद नव्हे, कीं भाव नाहीं म्हणून घरांत भरून ठेवावा. तोडल्यावर तो दिवसागणिक वाळतो आणि शेतकऱ्यास तेवढ्याच दिवसांची सवड असते. खाजगी धनी भला असेल, नसेल. पण त्यास भलें वागावयास लावणारें कांहीं तरी आमच्या हातीं राहिलें पाहिजे.

हें हातीं असणें म्हणजे काय, तें आमच्या कारागीर वाचकांनीं चपलेच्या गोष्टींत पाहावें. जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा कंपनीनें आपल्या नव्या पोशाखांचें प्रदर्शन केलें. त्यांत चालणाऱ्या पुरुषांच्या पायांत जें होतें तें पाहून कोल्हापूरच्या पोरासहि कळावें कीं, ही आपली चप्पल. कंपनीनें तिला म्हटलें होतें, चामड्याची सँडल. कोल्हापूरचें नांव नाहीं, चांभाराचें नांव नाहीं. इकडे बोभाटा झाला तेव्हां कंपनीनें कबूल केलें कीं, ही कल्पना कोल्हापुरी चपलेवरून आली. आतां, इकडच्या वस्तूंची नक्कल परदेशांत आजवर कांहीं कमी झालेली नाहीं. ह्याच वेळीं कंपनीस बोलावयास बसावें लागलें, ह्यास एक कारण आहे. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें होतें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्या आठ जिल्ह्यांतल्याच चपलेस हें नांव, आणि त्या नांवाची नोंद दोन्ही राज्यांच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांकडे. कांहीं वकील मंडळी मुंबईच्या हायकोर्टांत गेली होती. जुलै २०२५ मध्यें कोर्टानें त्यांचा अर्ज काढून टाकला, कारण नांवाचे धनी ते नव्हते. येथेंहि प्रश्न आला तो उभें राहण्याच्या अधिकाराचा. खरें पाहतां आमच्या देशांतलें हें मानांकन इटलींत चालत नाहीं. तरीहि नांव कागदावर होतें, धनी कोण हें ठरलेलें होतें, म्हणून डिसेंबर २०२५ मध्यें प्राडा आणि ती दोन महामंडळें ह्यांचा करार झाला. दोन हजार जोड इकडील कारागिरांकडून करून घ्यावयाचे आणि कंपनीच्या दुकानांतून जोडास सुमारें ८०० युरो किमतीस विकावयाचे, असें जाहीर झालें. आमच्या पैशांत ऐंशी हजारांवर.

चांभारवाड्यांतील आमच्या बंधूंस आणि भगिनींस आमचें सांगणें आहे कीं, ऐंशी हजारांचा आंकडा ऐकून हुरळून जाऊं नये. करारावर सही महामंडळांची आहे. कातडें कमावण्यापासून तळ शिवण्यापर्यंत पुरुष खपतो. वेणी घालणें, पट्टे विणणें ह्यांत घरांतील बायकांचे डोळे जातात. जोडामागें त्या घरास काय मिळतें, हें महामंडळानें गांवोगांव छापून लावावें, अशी मागणी कारागिरांनींच केली पाहिजे. कंपनी आपण होऊन तें लावणार नाहीं आणि महामंडळासहि कोणीं विचारल्यावांचून सुचेल असें दिसत नाहीं.

वांग्याचेंहि असेंच झालें. जालन्याच्या महिको कंपनीनें अमेरिकेच्या मोन्सँटोच्या विद्येनें बीटी वांगें तयार केलें, ऑक्टोबर २००९ मध्यें सरकारी समितीनें त्यास मान्यता दिली. मग नागपुरासह निरनिराळ्या शहरीं जाहीर सभा झाल्या, शेतकरी बोलले, आणि फेब्रुवारी २०१० मध्यें मंत्र्यांनीं तें थांबविलें. कृष्णाकांठीं वांग्याचें बीं घरोघर मडक्यांत होतें, म्हणून नको म्हणावयास जीभ उचलली. विदर्भांत कापसाचें संकरित बीं दरसाल पुडींतून आणावें लागतें. तेथें २००२ सालीं बीटी आलें आणि नको म्हणण्याची सोय उरली नाहीं. (त्या मोन्सँटोसहि २०१८ सालीं जर्मनीच्या बायरनें गिळलें, मोठ्या माशासहि मोठा मासा असतो.) आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा आणि बिनछापाचें विकण्याचा हक्क शेतकऱ्यास २००१ च्या कायद्यानें दिलेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं म्हणून येथें नमूद करतों.

दारें लावून बसा, असें आमचें म्हणणें नाहीं. शिरोली आणि गोकुळ शिरगांवच्या फौंड्र्यांतील ओतीव माल परदेशीं जातो, त्यावर हजारों चुली पेटतात, आणि आमच्या हाताखालून गेलेलीं कांहीं पोरें आज सातासमुद्रापलीकडे नोकरीस आहेत. जगाशीं व्यवहार होणारच. पण कारखान्याच्या भागाचा जो दाखला वडिलांच्या ट्रंकेंत पडून आहे, तो आमचा उभें राहण्याचा अधिकार आहे, आणि त्याचा उपयोग आम्ही वर्षांतून एकदां फराळाची पिशवी आणण्यापुरता करतों.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत व्हावी असा कायदा आहे. सभेची नोटीस येते तिच्याबरोबर अहवाल येतो. त्याच्या शेवटीं ताळेबंद असतो. तो मागून घ्यावा. कारखान्यावर कर्ज किती आणि कोणत्या बँकेचें, गेल्या सालापेक्षां वाढलें कीं उतरलें, कारखाना भाड्यानें दिला असल्यास किती वर्षांसाठीं आणि भाडें कोठें जमा झालें, वीज आणि इथेनॉल विकून काय आलें, हे प्रश्न लिहून सभेच्या आधीं द्यावे आणि पोंच घ्यावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणें साखर आणि उपपदार्थ मिळून झालेल्या उत्पन्नांतील शेंकडा सत्तर हिस्सा ऊंसवाल्याचा धरून हिशेब करावयाचा असतो. तो हिशेब आपल्या कारखान्याचा केव्हां झाला आणि एफआरपीवर किती निघाले, हेंहि विचारावें. एकट्यानें विचारलें तर माईक बंद पडेल. पंचवीस जणांनीं सही करून विचारलें तर उत्तर लिहून द्यावें लागेल. ज्यांस ताळेबंदांतील आंकडे लागत नाहींत त्यांनीं तो अहवाल घेऊन शाळेंत यावें; पोरें सुटल्यावर दिवे लागेपर्यंत आम्ही तेथेंच असतों.